शकुंतलेच्या अचलपूर फाट्यावरचं कापूसतळणी स्टेशन : कुणाला काही माहिती?

नांगरट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. दिवाळीत आजोळी गेलो होतो. आजोळ अंजनगाव सुर्जी तालुक्यात, कापूसतळणीपासून बैलबंडीने अर्ध्या तासावर. बंडी विकून वीस वर्षं झाली, पण मामा अंतर अजून बंडीनेच मोजतो. भाऊबीज आटोपली, हाताला काम नव्हतं, म्हणून मामेभावाच्या मागे बसून स्टेशन बघायला गेलो. लहानपणी इथूनच शकुंतलेत, म्हणजे आमच्या अरुंद रुळांवरच्या छोट्या रेल्वेगाडीत, बसून मूर्तिजापूर गाठायचो आणि तिथे मोठ्या गाडीची वाट बघत बसायचो.

आता सगळीकडे वेड्या बाभळी. रूळ आहेत, पण बघायला गवत बाजूला करावं लागतं. एका ठिकाणी रुळालाच शेळी बांधलेली. तिकिटाच्या खिडकीची चौकट आणि गज शाबूत आहेत, आत काही नाही. खिडकीखालचा दगड मात्र मधोमध इतका झिजलाय की बोट ठेवलं तर घसरतं. चिल्लर सरकवून सरकवून झिजला असणार, दुसरं काय.

तर प्रश्न असे. स्टेशन कधीचं? मामा म्हणतो 'इंग्रजाच्या टायमाचं', पण त्याच्या हिशेबात गावातली जुनी विहीर, शाळा आणि तलाठ्याचं दफ्तर हे सगळंच इंग्रजाच्या टायमाचं आहे. दुसरं, इमारतीपासून तीसेक पावलांवर कमरेएवढा उंच दगडी ओटा आहे, रुळाला समांतर. तो फलाट नाही. फलाट म्हणजे मुरूम टाकलेली जमीन, ती वेगळी दिसते. मग ओटा कशाला? आणि तिसरा प्रश्न, ज्यावरून मामा आणि शेजारच्या काकांमध्ये चहा थंड होईपर्यंत भांडण झालं: ही लाईन अजून इंग्रजांच्या मालकीची आहे आणि आपलं सरकार त्यांना भाडं भरतं, हे खरं का?

फोटो चढवायचा प्रयत्न केला, चढत नाहीये.

टिकलीएवढं_तळं

वाचतेय. शकुंतला हे नाव ऐकलं होतं, गाडी कधी बघितली नाही. जाणकार येतीलच.

रूळवेडा

आले आले. नांगरट, आधी सोपं उत्तर. मूर्तिजापूर-अचलपूर आणि मूर्तिजापूर-यवतमाळ हे दोन्ही फाटे १९१० च्या दशकात बांधले गेले, साधारण १९१२ ते १९१६. म्हणजे तुमच्या मामांचं बरोबर आहे, फक्त इंग्रजाच्या टायमाच्या शेवटच्या तीस-पस्तीस वर्षांतलं स्टेशन आहे असं म्हणा हवं तर. अचलपूरकडचा फाटा ७६ किलोमीटरचा, यवतमाळकडचा ११३. रुंदी अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. टेप घेऊन जा आणि रुळांच्या आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मोजा, बरोबर तेवढंच भरेल.

आता ही लाईन तिथे आली कशी ते थोडं मागून सांगतो, कारण त्यातच पुढचं सगळं आहे. निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं ते १८५३ साली. जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे भुसावळकडून वऱ्हाड ओलांडत १८६७ मध्ये नागपूरला पोचली. मधल्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस मँचेस्टरला जाईनासा झाला, आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी सोन्याचा भाव आला. मुख्य लाईन अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा अशी गेली. खामगाव आणि अमरावती या कापसाच्या दोन मोठ्या पेठा थोड्या बाजूला पडल्या, तर त्यांच्यासाठी लगेच फाटे काढले. जलंब-खामगाव फाटा १८७० चा, जेमतेम १३ किलोमीटर. पण हे दोन्ही फाटे ब्रॉडगेजचे, म्हणजे मुख्य लाईनसारख्याच रुंद रुळांचे, होते हे लक्षात ठेवा.

दर्यापूर, अंजनगाव, अचलपूर, कारंजा, दारव्हा, यवतमाळ हा मुलूख मात्र पुढची चाळीस वर्षं बंड्यांवरच राहिला. त्यासाठी १९१० मध्ये सेंट्रल प्रोव्हिन्सेस (सी.पी.) रेल्वे कंपनी निघाली. तिचा कारभार मुंबईच्या किलिक निक्सन कंपनीकडे. ही १८५७ सालची पेढी, तापी व्हॅली रेल्वेही त्यांच्याच देखरेखीखाली होती. भांडवल कंपनीचं, गाड्या चालवणार जी.आय.पी., आणि उत्पन्नात कंपनीचा वाटा, असा व्यवहार. पुलगाव-आर्वी हा ३५ किलोमीटरचा फाटाही याच कुटुंबातला.

पैसा खासगी, मुलूख पावसाळी नद्यांचा आणि काळ्या मातीचा, माल वर्षातले चारपाच महिनेच. त्यामुळे रूळ हलके, पूल छोटे, वळणं तीव्र. नॅरोगेज म्हणजे हौस नव्हे, काटकसर.

ओट्याचं जिनवाला सांगतील, त्यांना बोलावतो.

पऱ्हाटी

नांगरट भाऊ, मले इतिहास-बितिहास माहीत नाही, पण गाडी माहीत आहे. आमी बनोश्याले बसत होतो. बनोसा म्हंजे दर्यापूरच, पण स्टेशनावर नाव बनोसा. आजीचं माहेर पथ्रोट. दोन-अडीच तासाचा रस्ता, तरी आजी दोन टायमाच्या भाकरी बांधे. म्हणे, गाडीचा काय भरवसा बाप्पा.

फाटक आलं की गाडी थांबे. एक जण इंजिनावरून उतरे, दोन्हीकडून फाटक लावे, हिरवा कपडा दाखवे. गाडी फाटकातून निंगे अन् पलीकडं पुन्हा उभी राहे. मंग तो फाटक उघडे अन् पळत येऊन चढे. तेवढ्यात आमची आजी खाली उतरून कोणाच्या तरी वावरातला हरभरा उपटून आणे. एकदा वावरवाला तिथंच उभा होता. तो काही बोलायच्या आधी आजीनं त्यालेच इचारलं, "यंदा घाटे बारीक राह्यले का रे तुहे?" तो बिचारा पाणी कमी पडलं म्हून सांगत बसला, गाडी सुटली.

सोललेल्या घाट्यांच्या टरफलांचा खच पडे डब्यात. तो वास मले अजून येते.

नांगरट

ताई, हे भारी आहे! फाटकाचं मलाही अंधुक आठवतंय, पण मला वाटायचं आमची गाडी बिघडलीय म्हणून थांबतेय.

चिकित्सक

आठवणी छान आहेत, पण मुद्द्यावर या. 'भारतातली एकमेव इंग्रजांच्या मालकीची रेल्वे' हे वाक्य दर दोन वर्षांनी पेपरात येतं आणि लोक ते व्हॉट्सॲपवर फिरवतात. रूळवेडा, याचा एकदा निकाल लावा बरं.

रूळवेडा

लावतो. वाक्यात अर्धं खरं आहे म्हणूनच ते इतकं टिकलंय.

जी.आय.पी. रेल्वे १९२५ मध्ये सरकारने ताब्यात घेतली आणि १९५१ मध्ये ती मध्य रेल्वेत आली. पण शकुंतलेची लाईन जी.आय.पी.ची नव्हतीच, ती होती सी.पी. रेल्वे कंपनीची. जी.आय.पी. फक्त चालवणारी. त्यामुळे चालवणारा बदलला आणि मालक जागेवरच राहिला. स्वतंत्र भारताची रेल्वे एका खासगी कंपनीच्या रुळांवर गाडी चालवत राहिली आणि कराराप्रमाणे तिचा वाटा देणं लागत राहिली. हा खरा भाग.

खोटा भाग 'इंग्रज'. कंपनी इथलीच, आणि किलिक निक्सन स्वातंत्र्यानंतर भारतीय मालकांच्या हाती गेली. लंडनमध्ये बसलेला कुणी साहेब अचलपूरच्या तिकिटाचे पैसे मोजत नव्हता. वाट्याचे आकडे पेपरात दरवेळी वेगळे येतात, म्हणून मी त्यातला एकही इथे लिहीत नाही.

तुलनेला बार्शी लाईट बघा. तीही अडीच फुटीच, तीही खासगी कंपनीची, आणि ती कंपनी तर खरंच लंडनमध्ये स्थापन झालेली. कुर्डुवाडी ते बार्शी १८९७ मध्ये सुरू झाली, पुढे एका टोकाला लातूर आणि दुसऱ्या टोकाला पंढरपूरमार्गे मिरजेपर्यंत वाढली. सरकारने ती १ जानेवारी १९५४ रोजी विकत घेऊन टाकली. पुढे मीटर-दोन मीटर नाही, सगळीच्या सगळी ब्रॉडगेज झाली. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली ती याच जुन्या मार्गाच्या वारसावरून. शकुंतला विकत घेतली गेली नाही. मालकी एकाची, चालवणं दुसऱ्याचं, दुरुस्तीचा खर्च कुणी कुठवर करायचा हा कायमचा घोळ. भाड्याच्या घराला रंग कोण लावतो?

चिकित्सक

म्हणजे मालकीनेच मारली.

रूळवेडा

नाही, तसं मी म्हणणार नाही. मालकीने तिला सुधारू दिलं नाही. मारलं दुसऱ्याच गोष्टीने. जिनवाले, आहात का?

जिनवाला

आहे, आहे. हंगाम चालू आहे, उशीर झाला.

नांगरट, तो ओटा म्हणजे मालधक्का. त्याची उंची वाघिणीच्या (मालडब्याच्या) तळाएवढी असते, म्हणजे कापसाची गाठ उचलावी लागत नाही, ढकलत आत न्यायची. जवळ कुठे जमिनीत चौकोनी खड्डा किंवा लोखंडी चौकट दिसते का बघा. असली तर तो काटा असणार, वजनाचा.

आमच्या आजोबांचं अंजनगावात जिन, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना, होतं. (अंजनगाव म्हणजे तेच, १८०३ साली शिंदे आणि इंग्रजांचा सुर्जी-अंजनगावचा तह झाला ते. आता लोक ओळखतात ते पानमळ्यांसाठी.) वेचलेल्या कापसातून सरकी वेगळी केली की रुई राहते, ती दाबून गाठ बांधतात. आजची गाठ १७० किलोची. जुनी गाठही उन्नीस-बीस तेवढीच जड. दोन हमाल लोखंडी आकड्यांनी ती ओढायचे. बंडीतून धक्क्यावर, धक्क्यावरून वाघिणीत. इथवर ठीक.

मग मूर्तिजापूर. छोटी वाघीण अडीच फुटी रुळावर, मुंबईकडे जाणारी वाघीण साडेपाच फुटी रुळावर. एकीची चाकं दुसरीवर जाणार नाहीत. म्हणजे जितक्या गाठी आल्या तितक्या सगळ्या पुन्हा उतरवा आणि पुन्हा चढवा. पुन्हा हमाली, पुन्हा आकडे, पुन्हा गोणपाट फाटणार, रुई बाहेर डोकावणार. मोठी वाघीण वेळेवर नाही आली तर गाठी पडून राहणार, आणि अवकाळी पाऊस आला तर ओल्या होणार. आजोबा म्हणायचे, "मूर्तिजापूर गाठीमागं मूठभर खातेच." त्यांनी हे लिहूनही ठेवलं होतं. वहीत 'मू. तूट' असा वेगळा रकाना होता, मी स्वतः बघितलाय.

आता ट्रक घ्या. संध्याकाळी जिनाच्या दारात लागला, भरला, ताडपत्री बांधली, सरळ गिरणीच्या दारात उतरला. एकदा चढव, एकदा उतरव. भाडं थोडं जास्त असलं तरी रकाना पुसला गेला की हो! त्यात १९७२ पासून राज्यात एकाधिकार कापूस खरेदी आली. शेतकऱ्याने कापूस सरकारी केंद्रावरच घालायचा. मग स्टेशनाजवळ वखार असलेला व्यापारी, त्याचा अडत्या, त्याच्या बंड्या, ही साखळीच सैल झाली. मालधक्क्यावर मी लहानपणी क्रिकेट खेळलोय, गाठ कधी बघितली नाही.

रूळवेडा

हेच म्हणायचं होतं. खामगावचा फाटा १८७० चा, शकुंतलेपेक्षा चाळीसेक वर्षांनी म्हातारा, आणि त्यावर गाडी चालू राहिली. अमरावतीचा तर मोठा झाला. दोन्ही ब्रॉडगेज. मुख्य लाईनच्या वाघिणी सरळ आत येऊ शकत होत्या. पाचोरा-जामनेर नॅरोगेज, पुलगाव-आर्वी नॅरोगेज, शकुंतला नॅरोगेज: तिन्ही बंद. अंतर, वय, कापूस यातलं काहीही लावून बघा, वाटणी शेवटी रुळाच्या रुंदीवरच होते.

चिकित्सक

पटलं. पण माल गेला तरी प्रवासी होतेच ना? खचाखच भरलेल्या डब्यांचे फोटो आहेत.

हिरवी_झेंडी

मी या लाईनवर काही वर्षं काम केलंय, दुसरीकडून निवृत्त झालो. नाव, पद वगैरे राहू द्या.

प्रवासी होते, पण त्यांच्यावर लाईन चालत नसते. आणि ज्याला कोर्टाची तारीख होती किंवा दवाखाना गाठायचा होता तो शकुंतलेत बसत नव्हता, तो एसटीने जायचा. ७६ किलोमीटरला चार तास. आमच्या गाडीत कोण? ज्याला घाई नाही, ज्याच्याकडे पैसे कमी, ज्याच्याकडे सामान जास्त. टोपल्या, कोंबड्या, सरपणाच्या मोळ्या. पानमळेवाले पानांचे डाग (गठ्ठे) घेऊन यायचे, वर ओलं फडकं, आणि दर दोन स्टेशनांना आम्हालाच पाणी मागायचे शिंपडायला.

पऱ्हाटीताईंनी फाटकाचं लिहिलं ते बरोबर. फाटकवाला ठेवायला पगार लागतो. गाडी दिवसाला एक, मग माणूस गाडीतूनच न्यायचा.

नांगरटसाहेब, तुम्ही विचारलं नाही, पण तुम्हाला खरं हवंय ते हे असावं: तुमचं स्टेशन गाडीच्या कितीतरी आधी बंद पडलं. स्टेशनमास्तर कशासाठी असतो? लोकांना वाटतं तिकिटासाठी. तिकीट हे त्याचं दुय्यम काम. मुख्य काम म्हणजे एकेरी लाईनवर समोरासमोर दोन गाड्या येऊ न देणं. पुढच्या मास्तराला विचारायचं, लाईन मोकळी आहे का, मग गाडी सोडायची. एक गाडी लुपावर, म्हणजे बाजूच्या जोडरुळावर, घ्यायची, दुसरी जाऊ द्यायची. मालगाड्या होत्या तोवर या सगळ्याची गरज होती. माल गेला आणि फाट्यावर एकच गाडी उरली, तीच जाणार आणि तीच परत येणार. धडकायला दुसरी आहेच कुठे! मग मास्तर कशाला, सिग्नल कशाला, रूळ बदलणारा सांधेवाला कशाला? एकेक करून सगळे उठले. लूप निघाला. तिकिटं गार्ड देऊ लागला, डब्यापाशी उभा राहून. म्हणजे ती खिडकी तुम्ही गाडीत बसत होतात तेव्हाही बहुतेक बंदच असेल. आठवून बघा.

नांगरट

काका, वाचून पाच मिनिटं गप्प बसलो. तुम्ही म्हणता तसंच आहे. आईला फोन केला. ती म्हणाली, "खिडकीवर? नाही रे. गार्ड द्यायचा ना, त्याच्या खांद्याला चामडी पिशवी होती." म्हणजे त्या झिजलेल्या दगडावर माझ्या आठवणीतलं एकही नाणं नाही. माझ्या जन्माआधीच्या लोकांनी झिजवलाय तो.

पऱ्हाटी

अन् वाफेचं इंजिन कोणीच नाही काढलं! ते कोळशाचे कण डोळ्यात जात. आजी मले खिडकीकडं बसू देत नोहती.

रूळवेडा

काढतो. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेलं झेड.डी. जातीचं वाफेचं इंजिन या लाईनवर सत्तरेक वर्षं चाललं. १५ एप्रिल १९९४ रोजी ते उतरवलं आणि डिझेल लागलं. वयाचा विचार करा: ज्या सालात ते बनलं तेव्हा तिकडच्या गिरण्यांना इकडचा कापूस जात होता. कापूस ज्या गावाकडे गेला त्याच गावाहून इंजिन आलं.

हिरवी_झेंडी

वाफेबद्दल एक सांगतो, पुस्तकात सहसा सापडत नाही. दर्यापूर, अंजनगाव हा सगळा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी खारट. माणूस नाइलाजाने पितो, बॉयलर पीत नाही. खारं पाणी उकळलं की फेस धरतं, फेसाबरोबर पाणी वाफेच्या नळीतून थेट सिलिंडरात जातं, आणि पाणी काही वाफेसारखं दाबलं जात नाही. दट्ट्या आपटतो, मोठं नुकसान होतं. नळ्यांवर क्षारांचा थर चढतो तो वेगळा. जुने ड्रायव्हर पाणी भरण्याआधी ओंजळभर तोंडात घेऊन थुंकायचे. चव बघायचे! डिझेल आल्यावर ही चव घेणं संपलं. नव्या पोरांना सांगितलं तर हसायचे.

काळ्या मातीनेही फार छळलं. पावसाळ्यात फुगणार, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. रूळ आज सरळ केला तर पुढच्या मृगापर्यंत पुन्हा साप झालेला. रूळ दुरुस्त करणाऱ्या गँग कमी होत गेल्या तसा वेगही कमी करावा लागला. वेग कमी म्हणून प्रवासी कमी, प्रवासी कमी म्हणून गँग आणखी कमी.

टिकलीएवढं_तळं

पाण्याची चव बघणारे ड्रायव्हर! वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न: आता तिथे पुन्हा काही होणार आहे का?

रूळवेडा

सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना, २०१६ च्या सुमाराला, ब्रॉडगेजला मंजुरी जाहीर झाली. त्यानंतर निवेदनं, मोर्चे, सर्वेक्षणं, सगळं झालं. रूळ तुम्ही नुकतेच बघून आलात.

यवतमाळला रेल्वे येतेय, पण दुसऱ्याच दाराने. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा नवा २८४ किलोमीटरचा ब्रॉडगेज मार्ग आहे, त्यातला वर्धा ते कळंब टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. त्यात कारंजाचा, दर्यापूरचा, अंजनगावचा काही संबंध नाही. अचलपूरच्या बाजूला तर दुसरं दारच नाही.

चिकित्सक

माझं मत स्पष्ट लिहितो, शिव्या खायची तयारी आहे. 'हेरिटेज' म्हणून खेळण्यातली गाडी चालवा ही मागणी मला पटत नाही. माथेरानला डोंगर आहे, पर्यटक आहे. कापूसतळणीला कोण येणार? द्यायची तर ब्रॉडगेज द्या, नाहीतर निदान इमारती आणि कागदपत्रं तरी सांभाळा.

जिनवाला

शिव्या कशाला, मी सहमत आहे. फक्त 'खेळण्यातली' म्हणू नका. आमचं अख्खं घर त्या गाडीवर उभं राहिलं.

चिकित्सक

मागे घेतला शब्द.

नांगरट

मंडळी, परत जाऊन आलो. मामा आजारी होता, त्या निमित्ताने. टेप, खडू आणि कोयता घेऊन गेलो होतो.

रुंदी: ७६२. रूळवेडा, एक मिलिमीटर इकडे नाही की तिकडे नाही. एका ठिकाणी मात्र ७७० च्या वर भरली, तिथे स्लीपर पूर्ण कुजलाय.

मालधक्क्याच्या मागे गवत कापलं तर जिनवाल्यांनी सांगितलेला खड्डा मिळाला. काटा नाही, लोखंड कधीच गेलं, पण दगडी चौकट आहे, आणि एका दगडावर छिन्नीने केलेल्या उभ्या रेघा. पाच-पाचच्या जुड्या, पाचवी रेघ आडवी. मोजल्या, तेवीस जुड्या आणि वर तीन. गाठी मोजल्या असतील का?

लुपाची जागाही सापडली. मुख्य रुळाच्या शेजारी एक सरळ पट्टा आहे, तिथे बाभळी कमी आणि खडी जास्त. एरवी कधी लक्षातच आलं नसतं.

आणि रुळाच्या पोटावर अक्षरं आहेत! माती खरवडून खडू घासला. कारखान्याचं नाव गंजाने खाल्लंय. सालाचे पहिले तीन आकडे लागतात, १९१, चौथा लागत नाही. गोलसर आहे. २, ३, ६, काहीही असू शकतं.

रूळवेडा

वा! कोयता घेऊन इतिहास करणारा माणूस पहिल्यांदा बघतोय. एक सावधगिरी: ते साल कारखान्यात रूळ तयार झाल्याचं, लाईन सुरू झाल्याचं नव्हे. आणि रूळ इकडचा काढून तिकडे टाकतात, त्यामुळे तो पहिल्या दिवसापासून तिथेच होता असं छातीठोक सांगता येणार नाही. एकाच रुळावर थांबू नका. आठदहा ठिकाणी खडू घासा. सगळीकडे १९१ आलं तर बाजू भक्कम. आणि कृपा करून नेमकी जागा इथे लिहू नका. लोखंड चोरणारेही धागे वाचतात.

जिनवाला

जुड्यांबद्दल: ११८ होतात. एका छोट्या वाघिणीत एवढ्या गाठी मावणार नाहीत, म्हणजे एका दिवसाचा माल तरी असेल किंवा हमालांचा हजेरीचा हिशेब. आमच्या जिनात हमाल भिंतीवर कोळशाने अशाच जुड्या मारायचे, हमाली नगावर असायची म्हणून. मुकादमाने कमी लिहिलं तर भिंत दाखवायची.

हिरवी_झेंडी

हमालांचंच असणार. मुकादमाच्या वहीत शाई होती, यांच्याकडे छिन्नी.

खिडकीच्या आतल्या बाजूला, डाव्या हाताला, भिंतीत एक कोनाडा असेल तर बघा. तिथे तिकिटांवर तारीख उठवायचं यंत्र असायचं. पुठ्ठ्याचं तिकीट घातलं की खट्ट व्हायचं. यंत्र जड असतं आणि रोज हादरे बसतात, म्हणून खालचा दगड सहसा खचलेला असतो.

पऱ्हाटी

नांगरट भाऊ, पुढच्या आयतवारी मी अंजनगावले येऊन रायली, भाचीचं साक्षगंध आहे. दुपारून मोकळी हाये. तुमी नसाल तर मामेभावाले सांगून ठेवा, खडू मी आणतो. कोनाडाबी पाहू अन् दुसरे रूळबी घासू. फक्त कोयत्याचं काम मले सांगू नका, त्या बाभळीचा काटा लय दिवस सलते.

नांगरट

ताई, मामेभाऊ तयार आहे. म्हणतोय, शेळीवाल्याला आधी विचारून घ्या, स्टेशनमास्तर सध्या तोच आहे.